पाणी आणायला गेलेला

सासूबाई आमच्याकडे आइंडहोव्हनला राहायला आल्या की टेबलावर एक ताट जास्त मांडलं जातं, आणि ते कोणाचं असं आमच्या वैदेहीने आजवर विचारलेलं नाही, कारण तिला कळायला लागल्यापासून ते ठाऊक आहे. ते तिच्या काकाचं. हा काका तिने पाहिलेला नाही. तिच्या जन्माआधी दोनेक वर्षं, नाशिकला, एका रविवारी दुपारी कढीला दही कमी पडतंय म्हणून श्रेयस चपला घालून खाली उतरला, आणि ते दही अजून यायचंय. हे मी असं फटकन बोलते म्हणून माझा नवरा हेमचंद्र माझ्यावर चिडतो. चिडू दे बापडा. चौदा वर्षं आम्ही सगळ्यांनी दबक्या आवाजात बोलून पाहिलं, त्याने काही तो आला नाही, आणि मला तर तो दबक्या आवाजात आठवतच नाही. श्रेयस म्हणजे माझा धाकटा दीर, कॅरममध्ये मला हरवून वर "वहिनी, तू आपली भांडीच घास" म्हणणारा आगाऊ कार्टा. लग्नानंतरची तीन वर्षं तेवढा तो मला मिळाला, आणि सासरी मी रुळले ती त्याच्यामुळेच.

आई ते ताट स्वतः वाढतात. मीठ, लिंबू, चटणी, भाताची मूद, सगळं जागच्या जागी, आणि पाण्याचं भांडं ताटाच्या डावीकडे, कारण उजवा हात खरकटा असताना पाणी डाव्या हातानेच उचललं जातं. एकदा घाईत मी ते उजवीकडे ठेवलं. त्यांनी ते उचलून डावीकडे ठेवलं आणि वरणावर तूप वाढलं. ते गार अन्न दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः खातात. श्रेयस बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंदांनी विषय काढला होता, की शास्त्राप्रमाणे आता पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे तोही सुटेल आणि मागे राहिलेलेही सुटतील. आईंनी सगळ्यांना चहा दिला, कप गोळा करता करता म्हणाल्या, "माझा मुलगा पानांचा नाहीये," आणि आत गेल्या. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

आमच्या शेजारी खेर्डा नावाची एक बाई राहायची, ऐंशी ओलांडलेली, पावसात सायकल हाणत बाजारात जाणारी. ह्या देशाच्या दक्षिण भागात एक रीत आहे. मारख्रातनला दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांचं मोठं दफनस्थान आहे, आणि तिथली एकेक कबर इथल्या एकेका कुटुंबाने दत्तक घेतलेली असते. वाढदिवसाला फुलं न्यायची, मे महिन्यात स्मृतिदिनाला हजर राहायचं, त्याच्या घरच्यांचा पत्ता लागला तर चार ओळी लिहायच्या. आई थकली की मुलीने, मुलगी थकली की नातीने. ज्यांचं शरीरच मिळालं नाही त्यांची नावं तिथल्या लांबलचक भिंतीवर कोरलेली आहेत, आणि ती नावंही अशीच दत्तक जातात. कधी इतक्या वर्षांनी एखाद्याचे अवशेष कुठल्या शेतात सापडतात, ओळख पटते, मग त्याच्या नावाशेजारी पितळेचं एक छोटं फूल बसवतात. खेर्डाच्या घराकडे तिच्या आईपासून भिंतीवरचं एक नाव होतं. प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई, लॉइड हॅस्किन्स, आयोवा. फूल नसलेलं.

खेर्डाला मूलबाळ नव्हतं. वृद्धाश्रमात जाण्याआधी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि हे नाव तुम्ही सांभाळाल का, असं तिने विचारलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हेमचंद्र हो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याने नजर टाळली, आणि माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाने 'शरीर मिळालं नाही' एवढेच शब्द ऐकलेत. निघताना खेर्डा मला म्हणाली, "नुसती फुलं न्या. माझ्या आईनेही तेवढंच केलं. फुलं पुरतात."

पण हेमचंद्रला फुलं कुठली पुरायला! कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या अवाढव्य यंत्रांत बिघाड नेमका कुठे सुरू झाला हे शोधण्याचा पगार घेणारा माणूस तो. त्याने लॉइडच्या लष्करी नोकरीची कागदपत्रं मागवली, तर उत्तर आलं की फाइल नाही. सेंट लुइसला जिथे त्या काळच्या शिपायांच्या फायली होत्या तिथे सत्तरच्या दशकात आग लागली आणि त्यात बहुतेक सगळ्या गेल्या. सेनापतींवर पुस्तकं निघतात, साध्या शिपायाची एकच फाइल असते आणि ती जळते. मग जे जळलं नाही त्यातून माणूस पुन्हा उभा करायचा. तुकडीचा रोजचा अहवाल, पगारपत्रकं, भरतीच्या वेळचं कार्ड, गावचं साप्ताहिक, एखाद्या सोबत्याच्या मुलीने जपलेली पत्रं. जेवणं झाली की हेमचंद्र लॅपटॉप उघडून बसायचा, आणि एरवी वैदेहीच्या शाळेतली मीटिंग विसरणाऱ्या ह्या गृहस्थाला लॉइडची तुकडी कोणत्या आठवड्यात कोणत्या गावाबाहेर होती हे तोंडपाठ झालं.

मला राग यायचा. एकदा मी बोलूनही गेले, "ह्याच्या अर्धा वेळ नाशिकच्या पोलीस चौकीत बसला असतास तर?" आणि बोलल्याबरोबर जीभ चावली, कारण तो बसला होता. सहा महिने बसला होता. तिथे त्याला एक तक्रारीचा कागद आणि "पोरीबिरीचं काही असेल हो, येईल" एवढंच मिळालं होतं. हेमचंद्र माझ्यावर ओरडला नाही. "ह्याचं निदान सापडतंय तरी काहीतरी," एवढंच म्हणाला, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी त्याला न मागता चहा करून दिला.

आणि सापडत होतं खरं. लॉइड गवळ्याचा मुलगा. गोठ्याचं फाटक लागून भुवईवर खोक पडलेली, तिची खूण भरतीच्या कार्डावर नोंदवलेली. गावच्या बेसबॉलच्या संघात डावखुरा गोलंदाज, आणि साप्ताहिकात त्याचं त्याबद्दल चार ओळींचं कौतुक. शेवट मात्र फार साधा होता. नोव्हेंबर चव्वेचाळीस, सीमेपलीकडचं जंगल. सोबत्याने घरी लिहिलेल्या पत्रात होतं की लॉइड सगळ्यांच्या बाटल्या घेऊन ओढ्यावर पाणी आणायला गेला आणि आलाच नाही. गोळीचा आवाज नाही, काही नाही. ते हेमचंद्रने मला वाचून दाखवलं आणि लॅपटॉप मिटला.

ऑगस्टमध्ये आई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्यांना लॉइडचं कळायला आठवडाही लागला नाही. हेमचंद्रने सगळं सांगितलं, भिंत दाखवून आणली. तिथल्या माळ्याने ओली वाळू कोरीव अक्षरांत चोळून दिली, तेव्हा ते नाव पांढऱ्या दगडावर नीट उठून दिसायला लागलं. आई बराच वेळ त्या नावासमोर उभ्या होत्या. इंग्रजी वाचता येत नसूनही त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवलं.

गाडीत म्हणाल्या, "ह्याची आई केव्हा गेली?"

"एकोणीसशे एकाहत्तर," हेमचंद्र म्हणाला. "शेवटपर्यंत तिने त्याची खोली आवरली नाही म्हणे."

"कशाला आवरेल?" आई म्हणाल्या. मग काही वेळाने, खिडकीबाहेर बघत, "पाणी आणायला गेला, आणि त्यालाच कोणी पाणी दिलं नाही."

सर्वपित्रीला त्या वाक्याचा अर्थ मला कळला. सासरे गेल्यापासून हेमचंद्र त्या दिवशी तर्पण करतो. इथे भटजी कुठले मिळायला, म्हणून नाशिकचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर. टॅबलेट कणकेच्या डब्याला टेकवलेला, त्यात कानात इअरफोन घातलेले गुरुजी, कोपऱ्यात लहानशा चौकटीत हेमचंद्रचं स्वतःचं चित्र, आणि काळे तीळ घातलेल्या पाण्याचं पातेलं धरून मी बाजूला. वडील, आजोबा, पणजोबा, आईच्या माहेरचे, सगळ्यांना पाणी देऊन झालं. गुरुजींनी जानवं पुन्हा डाव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं, म्हणजे गेलेल्यांचं काम संपलं. तेव्हा हेमचंद्र म्हणाला, "गुरुजी, अजून एक नाव होतं. परका आहे, पण त्याला कोणी नाही."

"घ्या की. मित्र, शेजारी, कोणालाही देता येतं," गुरुजी म्हणाले. "गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणू. नातं काय सांगू? मित्र?"

"भाऊ म्हणा," आई म्हणाल्या. त्या मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. "आणि गोत्र आमचंच लावा. अत्री."

हेमचंद्रने वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरुजींनी "बरं, जानवं उजव्या खांद्यावर" एवढं म्हटलं आणि नेमकं नेट अडकलं, गुरुजी तोंड उघडं ठेवून तसेच थिजले. हेमचंद्रने कोपऱ्यातल्या चित्रात बघितलं. चित्रातल्या हेमचंद्रच्या उजव्या खांद्यावर जानवं दिसत होतं, म्हणजे खऱ्या हेमचंद्रच्या डाव्या. पडदा उलटं दाखवतो हे दिवसभर मीटिंगा करणाऱ्या माणसाच्या लक्षात येऊ नये? झालंच आहे असं समजून त्याने ओंजळ पुढे केली, आणि थिजलेल्या गुरुजींच्या साक्षीने स्वतःच म्हणाला, अत्री गोत्र, माझा भाऊ, लॉइड. जानवं डाव्या खांद्यावर असताना आपण देवाचं करतो, मंगलकार्य करतो, आलेल्याचं स्वागत करतो. गेलेल्याला पाणी देताना ते तिथे असून चालत नाही.

"अरे, जानवं—" मी म्हणाले. आईंनी माझं मनगट पकडलं. म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पोचलं."

नंतर चार-पाच दिवस काही झालं नाही. मग एका संध्याकाळी आई वैदेहीच्या डोक्याला तेल लावत होत्या आणि वैदेही नेहमीसारखी मराठीतून ऐकून इंग्रजीतून उत्तरं देत होती. मी कांदा चिरत होते. आई म्हणाल्या, "अशीच चुळबुळ करायचा तुझा काका. म्हणून तर भुवईवर खोक पडली त्याला. गोठ्याचं फाटक लागून."

"आई," मी हसून म्हणाले, "ते त्या लॉइडचं. आपल्या तिसऱ्या मजल्यावर गोठा कुठला आला?"

"माझ्या माहेरी होता की गोठा," त्या शांतपणे म्हणाल्या. "सुट्टीत जायचा तो." आणि हे खरं होतं, त्यांच्या माहेरी गोठा होता. पण श्रेयसच्या भुवईवर काहीही नव्हतं. तीन दिवाळ्या मी त्या पोराला समोर पाटावर बसवून ओवाळलं आहे, कपाळाला बोट लावून कुंकू लावलं आहे. वय झालं की असं होतं, दोन मुलांच्या गोष्टी एकात मिसळतात, असं मी स्वतःला सांगितलं, आणि कांदा बराच बारीक चिरला गेला.

दसऱ्याला हेमचंद्रने इथल्या मराठी मंडळातल्या कोणाकडून जुना कॅरमबोर्ड आणला. वैदेहीला स्ट्रायकर कसा धरायचा हे शिकवता शिकवता म्हणाला, "तुझा काका डाव्या हाताने मारायचा. त्यामुळे त्याचा नेम कुठून येतोय तेच कळायचं नाही."

माझ्या हातातून सोंगट्यांची पिशवी पडली. "हेमचंद्र, काय बोलतोयस? त्याने मला तीन वर्षं हरवलंय. उजव्या हाताचं मधलं बोट. नखावर पांढरा डाग होता त्याच्या."

"डाव्या," तो म्हणाला. माझी गंमत करत नव्हता. गंमत करताना त्याचे कान हलतात. "म्हणून तर तो नेहमी खिडकीच्या बाजूला बसायचा. अगं, आई जेवताना ओरडायची नाही का त्याला, डाव्या हाताने खाऊ नको म्हणून? आई, सांग ना हिला."

आई सोंगट्या गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, नुसत्या हसल्या.

त्या रात्री मी सगळे फोटो काढले. तुम्हाला सांगते, माणूस हरवल्यावर कळतं की आपण त्याचे किती वाईट फोटो काढले होते. लग्नात श्रेयस अक्षता टाकतोय तर पुढे कोणाची तरी पगडी. त्र्यंबकला गेलो होतो तेव्हा दोन्ही हात खिशात. एकात केस कपाळावर आलेले, एकात गॉगल. एकाही फोटोत तो लिहीत नव्हता, जेवत नव्हता, कॅरम खेळत नव्हता. शेवटी मी रॉटरडॅमला मेधाला फोन केला; ती इंजिनिअरिंगला त्याच्या वर्गात होती, प्रॅक्टिकलला शेजारी बसायची. इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, श्रेयस कुठल्या हाताने लिहायचा गं? तिने आठवून पाहिलं. म्हणाली, "अगं, खरं सांगू, मला त्याचा चेहराच नीट आठवेना झालाय. भुवईवर काहीतरी खूण होती ना त्याच्या?"

लॉइडबद्दल आम्ही मेधाला कधीच काही सांगितलेलं नव्हतं.

मग मात्र मला भीती वाटायला लागली. इतकी वर्षं आम्ही श्रेयसला शोधत होतो तरी तो कोण हे आम्हाला पक्कं माहीत होतं. तेवढं तरी आमच्याकडे शिल्लक होतं. आता तेही चाललं होतं. मी मनाशी घोकायला लागले. उजवा हात, साफ कपाळ, "वहिनी, तू भांडीच घास." सायकलवर ऑफिसला जाताना घोकायचे, सुपरमार्केटच्या रांगेत घोकायचे. घरात दुसरं कोणी ते घोकत नाहीये हे मला दिसत होतं, आणि आईंच्या त्या ताटाकडे बघवत नव्हतं.

ऑक्टोबर संपताना आम्ही आईंना स्किपोल विमानतळावर सोडायला गेलो. हेमचंद्र बॅगा वजनाला लावत होता तेव्हा आम्ही दोघीच बाकावर होतो. मी म्हणाले, "आई, त्या दिवशी जानवं चुकलं होतं. तुम्ही मला का थांबवलंत?"

"मला दिसत होतं गं," त्या म्हणाल्या. त्यांनी पदर नीट केला. "घरातला एक मुलगा गेलाय, सुनेत्रा. सगळे म्हणतात मेला म्हणा, सुटा. ठीक आहे. म्हटलं मेलेला तो लॉइड असू दे. आणि त्याला यायचं असेल तर त्यालाही वाट असू दे, म्हणून जानवं राहू दिलं. कोणी तरी येईलच."

"कोणी तरी?"

"श्रेयस," आई म्हणाल्या. "श्रेयसच म्हणाले मी."

लॉइडचा वाढदिवस नोव्हेंबरात. हेमचंद्रला ऑफिसातून निघता येईना, म्हणून शेवंतीची फुलं घेऊन मी एकटीच मारख्रातनला गेले. बारीक पाऊस, कोणी नाही. भिंतीवर नाव शोधावं लागलं नाही, कारण त्याच्याशेजारी नवं कोरं पितळेचं फूल चमकत होतं. मी माळ्याला हाक मारली. तो पालापाचोळा गोळा करत होता. म्हणाला, हो, ह्याच आठवड्यात बसवलं, सापडला तो. कुठे सापडला? त्याने खांदे उडवले. ते मला सांगत नाहीत, म्हणाला, मी फक्त फूल बसवतो.

हेमचंद्रला किती आनंद होईल, एवढंच माझ्या मनात होतं. मी तिथूनच फोन लावला, तर एक रिंग व्हायच्या आत त्याने उचलला. "सुनेत्रा, मी तुलाच लावत होतो," तो म्हणाला. "सापडला."

"हो, मी त्याच्यासमोरच उभी आहे. फूल बसवलंय."

"कसलं फूल? अगं, श्रेयस! श्रेयस सापडला!"

जबलपूरजवळच्या एका संस्थेने त्याला रस्त्यावरून उचलून नेलं होतं. एका सार्वजनिक नळाशी बसलेला होता, हातात रिकामी बाटली. स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. आईचं नाव मात्र सांगितलं, लीलावती, आणि आमच्या बिल्डिंगचं. मी त्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसले आणि मोठ्याने रडले. तो माळी छत्री घेऊन धावत आला. खरं सांगते, त्या क्षणी भुवई नाही, हात नाही, माझ्या मनात काही म्हणता काही आलं नाही. पोरगा जिवंत होता. फुलं तशीच भिंतीशी ठेवून मी घरी आले.

हेमचंद्र दुसऱ्याच विमानाने गेला. वैदेहीची शाळा आणि माझ्या ऑफिसातला सॉफ्टवेअरचा रिलीज आडवा आला म्हणून आम्ही दोघी इथेच राहिलो. पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. नाशिकला रात्रीच्या जेवणाची वेळ झाली होती. हेमचंद्रने फोन टेबलावर उभा करून ठेवला, आणि मला आमचं ते ओळखीचं जेवणघर दिसलं, भिंतीवरचं कॅलेंडर, फ्रिजवरचा दिवा, आणि मध्ये खुर्चीवर बसलेला एक रोडावलेला माणूस. दाढी केलेली, केस बारीक कापलेले, हेमचंद्रचा शर्ट. चौदा वर्षं उन्हात काढलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येणार तो कितीसा? नाक श्रेयसचं होतं. बहुधा होतं. भुवईवर जुनी, पांढरी पडलेली खोक होती.

"रस्त्यावर राहिलेला माणूस," हेमचंद्र मागून म्हणाला, मी काही विचारलं नव्हतं तरी. "एवढं लागणारच."

"श्रेयस," मी म्हणाले. "ओळखलंस का मला?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. त्याचे डोळे फार शांत होते. "वहिनी," तो म्हणाला, कोणी काल शिकवलेला शब्द नीट लक्षात ठेवून म्हणावा तसा. मग हसला. आईंनी कढी केली होती, चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी त्याच्या भातावर कढी वाढली, पाण्याचं भांडं ताटाच्या डावीकडे ठेवलं, आणि तो जेवायला लागला. डाव्या हाताने.

"पडद्यावर उलटं दिसतं," मी मोठ्यानेच म्हणाले. "डावं ते उजवं दिसतं."

वैदेही माझ्या खांद्यावरून बघत होती. "नो ममा," ती म्हणाली. "ओन्ली युअर ओन पिक्चर इज मिरर्ड. बघ ना, कॅलेंडर." मी कॅलेंडर पाहिलं. नोव्हेंबर. अक्षरं सुलटी, आकडे सुलटे, मला सगळं नीट वाचता येत होतं.

मी हेमचंद्रकडे पाहिलं, तर तो भावाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. इतका सुखी मी त्याला आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. मग मी आईंकडे पाहिलं. "आई," मी म्हणाले, "आई, श्रेयस उजव्या हाताने—"

"सुनेत्रा," आई म्हणाल्या. त्या थेट माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या डोळ्यांत वय झाल्याचा, विसरल्याचा, मिसळल्याचा काही म्हणजे काही मागमूस नव्हता. "जेवू दे गं त्याला. कधीपासून घराबाहेर आहे." आणि त्यांनी पाण्याचं भांडं उचललं, ताटाच्या पलीकडून हात वळवला, आणि ते उजवीकडे ठेवलं.

उजव्या हाताने ते उचलून तो घटाघटा पाणी प्यायला. आईंनी पुन्हा भरलं. टेबलावर तीन माणसं होती आणि तीनच ताटं होती.

कॉल संपल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. संध्याकाळी वैदेहीचं आणि माझं ताट घेतलं, आणि मग, कोणी सांगितलं नव्हतं तरी, तिसरं काढलं. कोणी तरी मांडायला हवं होतं. मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, भाताची मूद पाडली, वर वरण घातलं. "हू इज कमिंग?" वैदेहीने विचारलं. काका, असं मी म्हणणार होते, उजव्या हाताने कॅरम खेळणारा, आणि ते तोंडात येता येता मला वाटलं, उजव्या ना? नखावर पांढरा डाग, खिडकीच्या बाजूची ती खुर्ची, समोरून येणारा नेम. मी डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. भरलेलं भांडं हातात घेऊन मी त्या ताटाशी उभी राहिले, आणि ते कुठल्या बाजूला ठेवायचं हे मला आठवेना.